बँडपुढे उभी राहिलेली बाई

दादा दर डिसेंबरात न्यू जर्सीची थंडी चुकवायला आमच्याकडे कॅलिफोर्नियात लेकवूडला येतो. येताना त्याच्या बॅगेत दोन-चार जुन्या रेकॉर्डी असतातच. या वेळी त्याने लिंडा रॉनस्टॅटची 'कान्सिओनेस दे मी पाद्रे' आणली होती. नावाचा अर्थ 'माझ्या वडिलांची गाणी'. रेकॉर्ड 1987 सालची. अ‍ॅरिझोनात टूसॉनला शिकत असताना, जेवणाचे पैसे वाचवून त्याने घेतलेली. टेबलावर मटाराचा ढीग पडला होता, आम्ही दोघं शेंगा सोलत होतो आणि खोलीभर व्हायोलिनं आणि ट्रम्पेट घुमत होती.

"हे ऐक," दादा म्हणाला. "अमेरिकेत जन्मलेल्या मुलीने मेक्सिकोचं गाणं कसं गावं, ते इथे ऐकायला मिळतं. तुमच्या लाँग बीचच्या त्या जेनीला हे जन्मात जमलं नसतं."

लाँग बीच आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. जेनी रिव्हेरा माझी कोणी लागत नाही. पण इथल्या एका लाँड्रीत मी कितीतरी वर्षं हिशेब सांभाळले, आणि हॉस्पिटलच्या चादरी घड्या घालणाऱ्या बायकांच्या रेडिओवर तिचा आवाज दिवसभर ऐकला. मी हातातली शेंग खाली ठेवली.

"जेनीचं नंतर बघू. तुला लिंडात काय दिसतं ते आधी सांग."

"मेहनत दिसते. अगं, सत्तरच्या दशकात रॉक आणि कंट्रीत ती सगळ्यात वर होती. ही गाणी गाण्याची तिला काही गरज नव्हती. स्पॅनिश रेकॉर्ड कोण घेणार, हा प्रश्न होताच. तरी तिने हट्ट धरला. रूबेन फुएंतेससारखा जाणता माणूस बरोबर घेतला, साथीला 'मारियाची वार्गास दे तेकालित्लान' हा व्हायोलिन-ट्रम्पेटवाल्यांचा ताफा. तिला स्पॅनिश सफाईने बोलता येत नव्हतं, पण एकेक शब्द घासून घेतला. अमेरिकेत या रेकॉर्डच्या वीस लाखांवर प्रती गेल्या. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतली एवढी खपलेली रेकॉर्ड या देशात नव्हती. आणि आता हा सूर ऐक. एवढ्या वर चढतो तरी कुठे ताण नाही, कुठे दाखवणं नाही."

"आणि गाणी घरातली."

"अगदी घरातली. तिचे आजोबा मुलगा असताना मेक्सिकोतल्या सोनोरातून टूसॉनला आले. घोडागाड्या बांधायचा धंदा केला, पुढे हार्डवेअरचं दुकान काढलं आणि गावचा बँडही चालवला. तिची आत्या लुईसा एस्पिनेल गायिका होती. तिने 1946मध्ये घरातल्या गाण्यांची एक पुस्तिका छापली, तिचंही नाव हेच. लिंडा त्याच वर्षी जन्मली. याला परंपरा म्हणतात."

"मग जेनीचं गाणंही घरातलंच आहे. फक्त तिच्या घरात पुस्तिका नव्हती, कॅसेटी होत्या."

पॅरामाउंटचा स्वॅप मीट दादाने पाहिलेला नाही. मुळात गाडीत बसून सिनेमा बघायचं ते मैदान. तिथे मोजे, तवे, पक्ष्यांचे पिंजरे, तिखट-लिंबू लावलेल्या आंब्याच्या फोडी असं सगळं मिळतं. मी अमेरिकेत आले त्या वर्षी लोखंडी तवा शोधत तिथे गेले होते. पाच पावलांवर एक याप्रमाणे कॅसेटींचे गाळे होते आणि प्रत्येकाचा कर्णा दुसऱ्याच्या वर. जेनीच्या वडिलांचा, पेद्रो रिव्हेरांचा, गाळा याच बाजारात होता. मेक्सिकोतून आलेला माणूस. मिळेल ते काम केलं, मग 1987मध्ये 'सिंतास अक्वारिओ' नावाची छोटी कंपनी काढली. चालीनो सांचेझ हा मेक्सिकोतल्या सिनालोआचा, कोरिदो म्हणजे गोष्टी सांगणारी गाणी गाणारा, त्यांनी रेकॉर्ड केला. त्याचा गळा रूढ अर्थाने गोड नव्हता, पण इथल्या मजुरांनी त्याला डोक्यावर घेतलं. 1992च्या मे महिन्यात सिनालोआतल्याच कुलिआकानमध्ये त्याचा खून झाला आणि कॅसेटी आणखी खपल्या. जेनी कॅसेटींच्या त्या ढिगाऱ्यात वाढली. खोकी उचलणं, हिशेब करणं, गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकणं हेच तिचं शिक्षण.

मी हे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "2 जुलै 1969चा जन्म, लाँग बीच. पंधराव्या वर्षी शाळेत असतानाच दिवस गेले, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आई झाली. तरी शिक्षण सोडलं नाही. घरं विकायचा परवाना काढला..."

"हेच!" दादाने टेबलावर हात आपटला. "तुम्ही लगेच तिचं आयुष्य सांगायला लागता. लिंडाचं गाणं ऐकायला मला तिचं आयुष्य माहीत असावं लागत नाही. डोळे मिटले की पुरे. जेनीचं नाव काढलं की पहिल्यांदा नवरा, मारहाण, मुलं, कोर्ट. मग गाणं कधी? दुःख मोठं म्हणून गाणं मोठं होत नाही. आपल्याकडेही दुःख सोसलेल्या हजारो बायका आहेत, त्या सगळ्या काही गायिका झाल्या नाहीत."

त्याचं म्हणणं मला झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. जेनीवरचं बहुतेक लिखाण तिच्या जखमांचीच यादी देतं. तिचा श्वास कुठे तुटतो, ती शब्द कुठे दाबते, हे कोणी लिहीत नाही.

"बरं, आयुष्य बाजूला ठेवते," मी म्हणाले. "फक्त ऐक." लिंडाची बाजू संपली होती. मी फोन स्पीकरला जोडला आणि 2005च्या अल्बममधलं एक गाणं लावलं. त्या अल्बमचं नाव मराठीत सांगायचं तर 'मौजेबाज, बंडखोर आणि धीट'. त्यातलं 'दे कोंत्राबांदो' हे 'रीजनल मेक्सिकन' गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं पहिलं गाणं.

दादा पेटी वाजवतो, त्यामुळे तो आधी साथ ऐकतो. पहिले काही क्षण त्याने भुवया चढवल्या. सिनालोआच्या बांदात तंतुवाद्य नसतं. पितळ आणि क्लॅरिनेट. खालून ट्यूबा मात्रेवर ढुम्म करतो, तो नुसता ऐकू येत नाही, बसल्या खुर्चीला कळतो. त्याच्या मधल्या मात्रांवर छोट्या पितळी शिंगांचे ठोके पडतात, त्यांना चार्चेता म्हणतात. ताशासारखी कडकडणारी तारोला, आणि तांबोरा हा मोठा ढोल, त्याच्याच डोक्यावर झांज बसवलेली. वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट अशा तीन फळ्या एकमेकींना उत्तरं देत असतात. पंधरा-सोळा माणसं वाजवत असतात.

"हा तर आपल्या वरातीतला बँड," दादा म्हणाला.

"तसंच समज. बरीच वर्षं या बांदा मुख्यतः वाद्यांच्याच असायच्या. 'बांदा एल रेकोदो' 1938 सालची, तिची ख्याती आधी वाजवण्याची. गाणाऱ्याला पुढे उभं करायची पद्धत नंतर वाढली आणि पुढे उभे राहिले ते पुरुष. आता सांग, या पितळापुढे तुझी लिंडा उभी राहिली तर?"

"तिला गरज काय?"

"गरज नाही, कबूल. पण जेनीला होती. व्हायोलिन गायिकेला वाट करून देतं, ट्यूबा देत नाही. तिथे गोड सूर लावला तर तो वाहून जातो. म्हणून ती छातीतून गाते, शब्द चावून टाकते. आणि ऐक, ती मात्रेवर येत नाही. किंचित मागे थांबते, ट्यूबाला पुढे जाऊ देते, मग ओळीच्या शेवटी गाठते. बोलत बोलत गाते. आवाज फाटतो तिथे फाटू देते."

दादाने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. बोटांनी टेबलावर मात्रा धरली. चार ओळी ऐकून म्हणाला, "मागे राहते हे खरं आहे. ठरवून राहते. हे कच्च्या माणसाला जमत नाही." मग लगेच सावरून, "पण सूर दोन ठिकाणी उतरला."

"उतरला."

"आणि तुला चालतं?"

"या गाण्यात चालतं. तुझ्या रेकॉर्डवर नसतं चाललं."

मटार अर्धे झाले होते. दादा गप्प बसणारा नाही. त्याने खरा मुद्दा आता काढला.

"मला एक सांग. ती कुठल्या गाण्यांनी पुढे आली? 'ला चाकालोसा'. त्यात बोलणारी कोण, तर अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याची मुलगी, बापाचा धंदा चालवणारी. नार्कोकोरिदो! ज्या सिनालोआत लोक मारले जातात तिथल्या मारेकऱ्यांची ऐट. चालीनोचा खून होतो आणि तुम्ही त्याच वाटेवर मुलीला उभी करता. वर म्हणता, बाईने मैदान मारलं. पुरुषांचा शर्ट घातला, एवढंच झालं की. तीच दारू, तीच बंदूक, तोच सूड. यात बाईचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी दादासाठी पहिल्यांदा शोधत नव्हते. लाँड्रीत ते गाणं लागलं की मलाही टोचायचं. घड्या घालणाऱ्या बायकांमध्ये एक कुलिआकानजवळची होती. तिचा भाऊ घराबाहेर पडला तो परत आलाच नव्हता. ते गाणं लागलं की ती उठून पाणी प्यायला जायची. गाणं संपलं की परत. कोणी तिला काही विचारत नसे आणि रेडिओही कोणी बंद करत नसे.

मी दादाला हे सांगितलं. "त्या गाण्यापुरतं तुझं बरोबर आहे. मी त्याची बाजू घेणार नाही."

"मग?"

"मग हे, की तिने तिथे मुक्काम केला नाही. 2000 सालचं 'लास मालान्द्रिनास' घे. मालान्द्रिना म्हणजे उनाड, टगी बाई. लोकांना वाटलं हेही गुन्हेगारीचंच. पण ती स्वतः सांगायची, हे माझ्या ऐकणाऱ्या बायकांसाठी आहे. आठवडाभर राबून शनिवारी नटून बाहेर पडणाऱ्या, स्वतःच्या पैशाने पिणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या. शर्ट पुरुषाचाच होता, मान्य. पण रांचेरात, मेक्सिकोच्या त्या जुन्या गावरान गाण्यांत, काय होतं ते तुलाच माहीत आहे. पुरुष पितो, रडतो, आणि ज्या बाईने सोडलं तिला कृतघ्न म्हणतो. त्याच्या रडण्याला मान आहे. बाई प्यायली तर तिची चर्चा होते, रडणं कोणी ऐकत नाही. जेनी त्याच टेबलावर बसली, तोच ग्लास हातात घेतला आणि कृतघ्न कोण हे तिने सांगितलं. गाण्याची चाल तीच राहिली, पण आता समोरचा पुरुष ऐकणारा झाला."

"हे तिने पहिल्यांदा केलं असं म्हणू नकोस," दादा म्हणाला, आणि इथे त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "लिडिया मेंदोसा. 1934, सॅन अँटोनियो. कोवळी मुलगी, बारा तारांची गिटार, बाकी कोणी नाही. 'माल ओंब्रे', म्हणजे वाईट माणूस. त्या गाण्याचे शब्द तिला च्युइंग गमच्या वेष्टणावर मिळाले होते. टेक्सासमध्ये जन्मलेली मुलगी, शेतमजुरांच्या वस्त्यांतून गात फिरलेली. तिनेही फसवणाऱ्या पुरुषाला तोंडावर सुनावलं. आवाज न चढवता."

"मग तूच माझं काम केलंस."

"कसं?"

"लिडिया, मग लोला बेल्त्रानसारख्या सीमेपलीकडच्या मोठ्या बायका, मग तुझी लिंडा, टेक्सासची सेलीना, आणि बांदात जेनीच्याही आधी गाणारी ग्रासिएला बेल्त्रान. जेनी पहिली नाही. पहिली असण्याचा मान मी तिच्यासाठी मागतच नाही. मी एवढंच म्हणते की ज्या जागेवर तिला कोणी बोलावलं नव्हतं तिथे ती उभी राहिली. सेलीना सुंदर, सडपातळ, पॉपच्या जवळची. जेनी अंगाने भरलेली, तीन आणि पुढे पाच मुलांची आई, तिशी गाठलेली. रेडिओवाले तिला दारात उभं करत नव्हते. इथे लॉस एंजेलिसमध्ये 1992मध्येच बांदा आणि रांचेरा लावणारं केएलएएक्स हे स्टेशन इंग्रजी स्टेशनांना मागे टाकून पहिलं आलं होतं. म्हणजे ऐकणारे होते. त्यांत निम्म्या तरी बायका असणार ना? पण त्यांच्या बाजूने गाणारी बाई लावावी, असं कोणाला सुचलं नव्हतं."

दादाने शेंगेतला एक दाणा तोंडात टाकला. "मग हे दुकानदाराचं शहाणपण झालं. बापाच्या गाळ्यावर शिकलेलं. गिऱ्हाईक ओळखलं."

"हो. त्यात कमीपणा काय? तमाशाचा फड चालवणाऱ्या बाईला तिकीटबारी कळत नव्हती का?"

इथे तो हसला नाही. जरा वेळ विचार करत राहिला.

"मला गिऱ्हाईक ओळखण्याचं वावडं नाही," तो म्हणाला. "मला खटकतं ते पुढचं. तिने मुलांनाही गाळ्यावर मांडलं. टीव्हीवर 'आय लव्ह जेनी', घरातली भांडणं कॅमेऱ्यासमोर. नवऱ्याने तिच्या बहिणीवर आणि मुलींवर अत्याचार केले, हे भयंकर आहे. तो पकडला जावा म्हणून ती बोलली, तिथे मी तिच्यापुढे मान झुकवतो. पण नंतर? शेवटच्या महिन्यांत मोठ्या मुलीशी अबोला, तोही जगजाहीर. गाणाऱ्याने कुठेतरी दार लावायला नको?"

"हवं होतं," मी म्हणाले. "मी टीव्हीचा तो कार्यक्रम बघितला आणि दोनदा बंद केला. पण दारामागे ठेवलेल्या गोष्टींनीच त्या घराचा घात केला होता, दादा. बहीण आणि मुली वर्षानुवर्षं गप्प होत्या. तो माणूस फरार होता, 2006मध्ये पकडला गेला, आणि पुढच्या वर्षी त्याला एकतीस वर्षांहून कमी नसलेली शिक्षा झाली. तोवर तिने मिळेल त्या माध्यमात ही गोष्ट सांगितली. ज्या बाईने इतकी वर्षं असं बोलून न्याय मिळवला, तिला पुढे कुठे थांबायचं ते कळलं नसेल. मी हे चांगलं म्हणत नाही. मला ते समजतं, एवढंच."

"समजणं वेगळं."

"वेगळंच आहे."

रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला तो उठला, पण लावली नाही. "तू तिला प्रत्यक्ष ऐकलंस ना? कधी सांगितलं नाहीस."

सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर तांदापासून सुरुवात करावी लागते. लाँड्रीतल्या बायकांची तांदा म्हणजे अगदी आपली भिशी. दहा जणी, आठवड्याला वीस डॉलर, दर आठवड्याला एकीला दोनशे. चिठ्ठ्या टाकून नंबर. मला कुणी समजावून सांगायला लागलं तेव्हा मी म्हटलं, हे मला माहीत आहे, आमच्या गल्लीत आई चालवायची. त्या क्षणापासून मी हिशेबाच्या खिडकीतली बाई राहिले नाही. 2011च्या उन्हाळ्यात तांदा लागली ती जेनीच्या तिकिटांसाठी. 3 सप्टेंबर, स्टेपल्स सेंटर. सगळी तिकिटं संपली. रीजनल मेक्सिकन गाणाऱ्या बाईने ते सभागृह भरवल्याची ती पहिली वेळ.

"आम्ही सातजणी एका व्हॅनमधून गेलो," मी दादाला सांगितलं. "रोज केसांवर जाळी आणि पायात रबरी बूट घालणाऱ्या बायका, त्या दिवशी ओळखू येईनात. एकीने लाल बूट घातले होते, तिच्या आईचे, हालिस्कोहून आलेले. सभागृहात शिरलो तर चहूकडे तशाच बायका. आजी, मुलगी, नात अशा तीन-तीन पिढ्या. पुरुषही होते, पण त्या रात्री ते सोबत म्हणून आले होते. ती आली, गायली, थांबली, बोलली. कुणी तरी वर दिलेली टकीला घेतली. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, पुन्हा इंग्रजीत, एकाच वाक्यात. इथे जन्मलेल्या पोरी असंच बोलतात, आणि घरी आजीकडून बोलणी खातात. तिथे मात्र ती बोली वीस हजार माणसांपुढच्या मंचावरून येत होती."

"आणि गाणं?"

"एक वेळ अशी आली की ती ओळ सोडून द्यायची आणि सगळं सभागृह गायचं. माझ्या शेजारी कुलिआकानची ती बाई होती. कामावर ती गुणगुणतसुद्धा नसे. ती उभी राहून गात होती, गळ्याच्या शिरा ताणून. सुरात नव्हती. तेवढा वेळ ट्यूबा ऐकू येईना, दादा. सगळी पितळी वाद्यं चालू होती आणि बायकांच्या आवाजात बुडली."

दादा काही बोलला नाही. मग हळूच, "ते चाकालोसा होतं?"

"नाही. त्या वेळी ती बसून होती."

त्यानंतर सव्वा वर्षात सगळं संपलं. 8 डिसेंबर 2012ला ती मोंतेरेच्या अरेनात गायली. कार्यक्रमानंतर पत्रकारांशी बोलली. पहाटे तीननंतर छोट्या विमानात बसली आणि थोड्याच वेळात ते नुएव्हो लिओनच्या डोंगरात, इतुर्बिदेजवळ कोसळलं. सातही जण गेले. ती त्रेचाळीस वर्षांची होती. तो रविवार होता. सोमवारी मी कामावर गेले तर मशिनं चालू होती आणि रेडिओ बंद. तो कोणी बंद केला, मला कळलं नाही. दहा वाजताच्या चहाला कुणीतरी लावला, आणि बायका चादरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दोघी दोन टोकं धरून, घडी अर्धीच घातलेली. 2000 सालच्या तिच्या अल्बमचं नाव होतं, 'मला बांदाच्या साथीत पुरा'. त्या नावाची आठवण तिथे प्रत्येकीला झाली असणार. कोणी बोलून दाखवलं नाही.

"तिला लॅटिन ग्रॅमी मिळालं का कधी?" दादाने विचारलं. त्याला अशा गोष्टी नोंदवून ठेवायची सवय आहे.

"नामांकनं मिळाली, बक्षीस नाही. 2020मध्ये तिच्या मोठ्या मुलीला मिळालं, चिकीसला. बांदाच्याच अल्बमसाठी. हॉलीवूडच्या फूटपाथवर जेनीच्या नावाचा तारा बसला तो 2024मध्ये."

"ज्या मुलीशी अबोला होता, तिला?"

"तिलाच."

त्याने मान हलवली. मग अचानक अ‍ॅरिझोनाकडे वळला, कारण ते त्याचं गाव. "2010ला तो कायदा आला, एसबी 1070. रंग बघून कागद मागायची मुभा पोलिसांना मिळेल अशी धास्ती. टूसॉनचे माझे मित्र फोनवर रडत होते. लिंडा त्याविरुद्ध उभी राहिली. साठी ओलांडलेली, गळा दगा देत होता, शेवटचा कार्यक्रम तिने आदल्या वर्षी केला होता, तोही मारियाचीबरोबर. तरी बोलली."

"जेनी फिनिक्सच्या मोर्चात चालली. त्याच वर्षी."

"हो?" त्याला हे माहीत नव्हतं. तो खरोखर खूश झाला, आणि मलाही बरं वाटलं. वाद जिंकल्याचं नव्हे, दोघी एका रस्त्यावर आल्याचं.

"तरी मी म्हणेन," तो म्हणाला, "लिंडाचं गाणं शंभर वर्षांनी लावलं तरी कळेल. जेनीचं कळायला त्या बायका लागतील."

"मग त्या बायकांची नोंद ठेवावी लागेल. माझी त्याला हरकत नाही."

मी 'ला ग्रान सेन्योरा' लावलं, 2009चं. त्यात बांदा नाही, मारियाची आहे. दादाच्या ओळखीचं घर. व्हायोलिनं आली, गितारोनचा जाड खर्ज आला आणि वर जेनी. इथे तिला ओरडावं लागत नाही. आवाज खाली बसतो, जरा खरखरीत, शब्दांना वजन येतं. दादाने या वेळी डोळे मिटले. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही, मटार सोलत राहिले. गाणं संपलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "लिंडाच्या अर्धी पट्टीसुद्धा नाही हिची. पण खोटं काही गात नाही." त्याच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ. आणि पहिलं वाक्यही त्याने मनापासून म्हटलं होतं, ते मी पुसत नाही.

भांडं भरलं होतं. सालं गोळा करताना त्याने विचारलं, "तांदात तुझा नंबर कितवा होता?"

"नववा."

त्याने बोटांवर आठवडे मोजले. "उन्हाळ्यात लागली म्हणतेस. मग नवव्याला पैसे मिळेपर्यंत सप्टेंबरची तीन तारीख उलटून गेली असेल. तिकीट कसं काढलंस?"

"मी नाही काढलं. ज्या बाईचा पहिला नंबर होता, तिने तिच्या दोनशेतून स्वतःचं काढलं आणि माझंही. मला शुक्रवारी हातात दिलं."

"कोण? ती कुलिआकानची?"

"तीच," मी म्हणाले. त्याने लिंडाची रेकॉर्ड पाकिटात घातली, आणि फोन माझ्याकडे सरकवला.